परदेशी तळावरील नौदल वर्धापनदिन

जपानमधील योकोसुका येथे अमेरिकेच्या सातव्या आरमाराचे मुख्य ठाणे आहे. मायदेशापासून दूर अशा तळांवरही नौसैनिक दरवर्षी १३ ऑक्टोबर हा आपल्या दलाचा वर्धापनदिन साजरा करतात. १७७५ साली याच दिवशी फिलाडेल्फिया येथील काँग्रेसने ब्रिटिशांची युद्धसामग्री वाहणारी जहाजे अडविण्यासाठी दोन सशस्त्र जहाजे सज्ज करण्याचा ठराव संमत केला. हा दिवस पाळण्यास ॲडमिरल झुमवॉल्ट यांनी १९७२ मध्ये मान्यता दिली.

उपस्थितांपैकी वयाने सर्वांत ज्येष्ठ व सर्वांत कनिष्ठ नौसैनिक मिळून केक कापतात. अनुभवाचा वारसा नव्या पिढीच्या हाती सोपविण्याचे ते प्रतीक होय.

भारतीय नौदल दिन, ४ डिसेंबर, हा १९७१ च्या कराचीवरील यशस्वी हल्ल्याचे स्मरण करून देतो. अमेरिकी नौसैनिक मात्र स्मरण करतात ते लोकप्रतिनिधींच्या एका ठरावाचे. शस्त्रबळाचा उगम लोकांच्या निर्णयात आहे, ही जाणीव दूरदेशीच्या सैनिकालाही मोलाची ठरते.