चर्चचे संकेतस्थळ : काय मांडावे, काय झाकावे

(बी. ए. भाग २)

एखाद्या संस्थेने संकेतस्थळ काढले, म्हणजे ती संस्था 'आधुनिक' झाली, असा आपल्याकडे एक समज आहे. शाळा, पतसंस्था, देवस्थाने, मंगल कार्यालये या सर्वांची संकेतस्थळे आज दिसतात. बहुतेकांच्या पहिल्याच पानावर इमारतीचे भव्य चित्र, त्याखाली पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि त्याखाली इंग्रजीत चार ओळींचे स्वागत असते. चर्चची संकेतस्थळेही याला अपवाद नाहीत. परंतु हे सारे कोणासाठी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात वऱ्हाडातील एखाद्या लहानशा मराठी चर्चला संकेतस्थळ काढावयाचे झाल्यास त्याने कशाचा विचार करावा, याचा थोडक्यात परामर्श घेण्याचा हेतू आहे. चर्चचे उदाहरण घेतले असले तरी यातील पुष्कळसे विवेचन कोणत्याही लहान संस्थेला लागू पडेल.

साधन नवे, प्रश्न जुना

नव्या साधनाचा आणि ख्रिस्ती मंडळींचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा. पण लिपी मात्र रोमन! कारण उघड होते. छापखाना होता, पण देवनागरीचे खिळे नव्हते. पुढे १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथून विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापून निघाले. १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले. त्यात धर्मविषयक मजकुराबरोबरच शास्त्रीय माहिती आणि जगाच्या बातम्याही येत. ख्रिस्तपुराण मात्र देवनागरीत छापून वाचकांच्या हाती यायला १९५६ साल उजाडावे लागले. ती आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी संपादित केली. म्हणजे मराठी ग्रंथाला मराठी अक्षरांत येण्यासाठी ३४० वर्षे थांबावे लागले.

आता संगणकाच्या काळाकडे वळू. जागतिक जाळ्याची, म्हणजे वेबची, कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधील सर्न या प्रयोगशाळेत मांडली. १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ प्रयोगशाळेबाहेरील लोकांनाही पाहता येऊ लागले आणि १९९३ मध्ये हे तंत्र कोणताही मोबदला न घेता सर्वांना खुले करण्यात आले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी व्हॅटिकनचे संकेतस्थळ सुरू झाले. तेथील यंत्रांना राफाएल, मायकेल व गॅब्रिएल या देवदूतांची नावे दिली होती. गॅब्रिएल म्हणजे निरोप आणणारा देवदूत! या नावातच संकेतस्थळाचे खरे काम सांगितलेले आहे. ज्याला निरोप हवा आहे त्याच्यापर्यंत तो नेमका, वेळेवर आणि त्याला समजेल अशा भाषेत पोहोचवणे, हेच ते काम होय.

निरोप कोणाला हवा आहे?

माझ्या माहितीतील एक प्रसंग येथे सांगावासा वाटतो. आमच्या शेजारचे एक काका शेतमजुरी करतात. मुलीच्या लग्नासाठी त्यांना तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. त्यासाठी ते अकोल्याहून अमरावतीला एस. टी. ने गेले. हे अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे. त्या दिवशी कार्यालय बंद होते. दुसऱ्या खेपेस गेले, तेव्हा अमुक एक कागद आणा, असे सांगण्यात आले. तिसऱ्या खेपेस दाखला मिळाला. तीन दिवसांची मजुरी बुडाली आणि प्रवासखर्च झाला तो वेगळाच. त्या चर्चचे संकेतस्थळ होते. मी ते काकांना फोनवर उघडून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "बाई, देऊळ तं छान दिसून रायलं, पण हापीस कधी उघडते थे कुठीसा लिवलं हाय?"

या एका प्रश्नात संकेतस्थळाच्या रचनेचा सारा धडा आला आहे, असे मला वाटते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. एका कागदासाठी एक दिवस बुडणे म्हणजे काय, हे आमच्यासारख्या घरांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

काय मांडावे

पहिल्या पानावर पुढील पाच गोष्टी असाव्यात.

१. चर्चचे पूर्ण नाव, संप्रदाय व पत्ता. वऱ्हाडात रोमन कॅथलिक मंडळी आहेत (त्यांचा अमरावती धर्मप्रांत १९५५ मध्ये स्थापन झाला), तशाच निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मिशनांतून उभ्या राहिलेल्या मंडळ्याही आहेत. शिवाय २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अशा विलीनीकरणात ज्या चर्चचे नाव बदलले असेल, त्याने आपले जुने नावही द्यावे. आजीच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधणाऱ्या नातवाला घरात ऐकलेले जुने नावच माहीत असते. पत्त्याबरोबर जवळची ठळक खूणही सांगावी. बसस्थानकावर उतरलेला माणूस खुणेनेच वाट विचारतो.

२. उपासनेच्या वेळा, आणि कोणती उपासना कोणत्या भाषेत हेही. उन्हाळ्यात वेळ बदलत असल्यास ती आधीच नोंदवावी.

३. कार्यालयाचे दिवस, वेळ आणि दूरध्वनी.

४. दाखल्यांची माहिती. बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी चर्चकडे असतात. विवाहाच्या नोंदीमागे तर भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ हा जुना कायदा आहे. दाखल्यासाठी कोणते कागद लागतात, किती दिवस लागतात आणि अर्ज कसा करावा, एवढे लिहिले तरी कित्येकांची खेप वाचेल.

५. सूचना, आणि प्रत्येक सूचनेवर तारीख व साल. 'येत्या रविवारी सभा होईल' अशी बिनतारखेची सूचना तीन वर्षे तशीच राहिली, तर माणसाचा उरलेल्या मजकुरावरचाही विश्वास उडतो.

इतिहास, छायाचित्रे, प्रवचने, गाणी हे सर्व पुढल्या पानांवर खुशाल असावे. मात्र गाणी देताना हक्कांचा विचार करावा. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या लेखनावरील हक्क संपतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये निवर्तले. त्यांची भजने आज कोणीही छापू शकतो. हयात कवींच्या गीतांना मात्र त्यांची परवानगी हवी.

फोटो हलके असावेत. फोनवर काढलेला एक फोटो तीन-चार एमबीचा सहज भरतो. तो आकाराने लहान करून दोनशे केबीपर्यंत आणता येतो. मेळघाटातल्या एखाद्या गावी फोनला जेमतेम रेंज मिळते. अशा ठिकाणी जड पान उघडतच नाही, आणि न उघडणारे पान असून नसल्यासारखेच.

लिपीचा प्रश्न

स्टीफन्स यांच्यापाशी खिळे नव्हते, आपल्यापाशी आहेत. तरीही आपल्या संस्था इंग्रजीत किंवा रोमन अक्षरांतील मराठीत का लिहितात? याचे एक कारण तांत्रिक आहे. आपल्याकडील डी. टी. पी. च्या दुकानांत श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत मजकूर जुळवण्याची पद्धत रूढ झाली. जुन्या फाँटांत संगणक मनात इंग्रजी अक्षराचाच क्रमांक ठेवतो आणि डोळ्यांना मराठी अक्षराचे चित्र दाखवतो. तो फाँट नसलेल्या फोनवर तोच मजकूर गेला, की पत्रिकेतले शब्द इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग बनतात. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोड पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' चा क्रमांक २३२५, तर 'ळ' चा २३५५. जगात कोठेही तो क्रमांक म्हणजे तेच अक्षर. म्हणून संकेतस्थळावरील सर्व मजकूर युनिकोडमध्येच असावा. मजकुराचे चित्र काढून ते चिकटवू नये, कारण शोधयंत्राला चित्रातले शब्द सहजासहजी सापडत नाहीत आणि अंध व्यक्तीला तो मजकूर वाचून दाखवणारे यंत्रही तेथे अडखळते.

फाँट नीट आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी कसोटी आपल्या प्रदेशाच्या नावातच आहे. 'वऱ्हाड' हा शब्द टंकित करून पाहावा. त्यातला अर्धा र नीट उमटला तर ठीक. 'वर्हाड' असे उमटले तर फाँट किंवा कळफलक बदलावा. हे अर्धे अक्षर टंकित करण्याच्या दोन रीती आहेत. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच दिसतात, परंतु यंत्र त्यांना दोन निराळे शब्द समजू शकते. यास्तव संपूर्ण संकेतस्थळावर एकच रीत पाळावी. तसेच पानाच्या आतील सांकेतिक मजकुरात भाषा मराठी असल्याची खूण अवश्य द्यावी. ती दिल्यास काही फाँटांत 'ल' आणि 'श' ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाची दिसतात.

नाव, जागा आणि किल्ली

संकेतस्थळाला दोन गोष्टी लागतात : नाव आणि जागा. नाव वर्षाच्या कराराने घ्यावे लागते. २०१४ पासून '.भारत' या शेपटाने देवनागरीतही नाव घेता येते. पण सर्वांनाच ते टंकित करणे जमत नाही, म्हणून जोडीला रोमन नावही असावे. जागेसाठी गूगल साइट्स किंवा वर्डप्रेसची मोफत सोय लहान चर्चला पुरेशी आहे. म्हणजे पैशाची अडचण फार मोठी नाही.

खरी अडचण किल्लीची आहे. बहुधा मंडळीतील एखादा हौशी तरुण आपल्या नावाने, आपल्या ई-मेलवर संकेतस्थळ काढतो. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला जातो, पाळकांची बदली होते आणि परवलीचा शब्द कोणालाच ठाऊक नसतो. नाव वेळेवर नूतन केले नाही, तर दुसरा कोणीही ते विकत घेऊ शकतो. मग चर्चच्या नावावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या, तर दोष कोणाला द्यावा? म्हणून नोंदणी चर्चच्या नावाने व चर्चच्या ई-मेलवर करावी, परवलीचा शब्द बंद लिफाफ्यात नोंदवह्यांबरोबर ठेवावा, आणि नूतनीकरणाची तारीख समितीच्या इतिवृत्तात लिहावी. दानपेटीची किल्ली आपण जशी एकाच माणसाच्या खिशात ठेवत नाही, तसेच हे.

काय झाकावे

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. चर्चच्या सूचनाफलकावर आजाऱ्यांची नावे प्रार्थनेसाठी लावण्याची रीत आहे. ती प्रेमाची रीत आहे. फलक वाचणारी माणसे शे-दीडशे असतात व ती एकमेकांना ओळखतात. संकेतस्थळ मात्र सारे जग वाचते आणि तेथे लिहिलेले पुसले तरी त्याच्या प्रती कोठे ना कोठे उरतात. रोगाचे नाव कुटुंबाला कसे वाळीत टाकते, हे अमरावती जिल्ह्याला सांगावयास नको. येथेच डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभे केले. अचलपूरजवळ कोठारा येथे मिशनच्या रुग्णालयाने याच रुग्णांची सेवा केली. मुलीचे लग्न जुळत असताना तिच्या आईच्या आजाराचे नाव कोणी फोनवर शोधून काढले, तर त्या प्रार्थनेने त्या घरावर काय ओढवेल?

म्हणून सभासदांची यादी, घरांचे पत्ते, खाजगी दूरध्वनी, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीची पाने, देणगीदारांच्या रकमा आणि आजाऱ्यांची नावे संकेतस्थळावर नसावीत. रविवारच्या शाळेतील मुलांचे फोटो नावासह देऊ नयेत. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली असून, तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. परंतु कायदा नसता तरी ही गोष्ट साध्या माणुसकीचीच आहे.

समारोप

सारांश, चर्चचे संकेतस्थळ हे त्याच्या दर्शनी भिंतीपेक्षा त्याच्या कार्यालयाच्या खिडकीसारखे असावे. खिडकीवर वेळ लिहिलेली असावी, ती आपल्या भाषेत लिहिलेली असावी, आणि आतल्या कपाटातील नोंदवह्या बाहेरून दिसू नयेत. असे संकेतस्थळ उभारण्यास फार पैसा किंवा फार विद्या लागत नाही. आपल्या महाविद्यालयातील दोन-तीन विद्यार्थ्यांनी मनावर घेतले, तर सुट्टीच्या एका महिन्यात आपापल्या गावच्या चर्चचे, विहाराचे, वाचनालयाचे किंवा दर्ग्याचे असे एकेक पान सहज उभे राहील. आपण शिकलो, याचा उपयोग आपल्या माणसांची एक खेप वाचवण्यासाठी झाला, तर ते शिक्षण काही अंशी तरी सार्थकी लागले असे म्हणता येईल.