“समजलं का?” विचारू नकोस

यंदा गुऱ्हाळ तू चालवणार, म्हणून सांगतो. दौंड तालुक्यातल्या पुष्कळ गुऱ्हाळांसारखी आपल्याकडंही काहिलीवरची माणसं उत्तर प्रदेशातली, तोडीला बीड-पाथर्डीकडची कोयती. कुणाला वाचता येतं, कुणाला नाही. तेवढ्यावरून कुणाला अडाणी म्हणू नकोस. ११८ अंशांच्या आसपास पोचलेला पाक आपला गुळव्या पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून ओळखतो. आधण कधी उतरवायचं, ते त्याच्याकडूनच शीक.

काम सांगून झालं की “समजलं का?” विचारू नकोस. “हां मालिक” एवढंच ऐकू येईल. परमुलखात आलेला माणूस नाही म्हणायला भितो. काम जाईल असं त्याला वाटतं. “कर के दिखाओ” म्हण आणि गप उभा राहा. घाण्याच्या बाबतीत तर हे सोडूच नकोस. ऊस सारताना रोलरात हात गेला, तर बोलायलाही वेळ मिळत नाही. स्विचचा खांब लाल रंगव. हंगामाच्या पहिल्याच दिवशी घाणा रिकामा फिरवून प्रत्येकाला, बायकांनासुद्धा, आपापल्या जागेवरून येऊन तो बंद करायला लाव. त्या घरघरीत कुठलीच भाषा कानावर पडत नाही, म्हणून दोन्ही हात डोक्यावर म्हणजे घाणा थांबवा, ही खूण ठरव. मस्करीत कुणी ती केली, तर तिथंच दम दे.

रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांसारख्या ठिकाणी कायद्याचा गोषवारा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावावा, असं १९४८च्या कारखाने अधिनियमात लिहिलं गेलं. चांगलंच केलं. पण उरलेल्यांना आणि वाचताच न येणाऱ्यांना तोंडी सांगावंच लागतं.

मुकादम हिंदी-मराठी फाडफाड बोलतो, म्हणून सगळं त्याच्याच तोंडून पोचवू नकोस. मधे काय गळतं ते तुला कळणार नाही, उचलीचं तर नाहीच. अंगठा घ्यायच्या आधी नवरा-बायको दोघांसमोर आकडा मोठ्यानं वाच, तेवढ्या नोटा मोजून मांड. किती घेतले, किती फिटले, हे त्याच्याच मोबाइलवर त्याच्याच आवाजात बोलून ठेवू दे. गावाकडं भावाला पाठवतो म्हणाला, तर पाठवू दे.

बाई आजारी पडली, तर यवतच्या ग्रामीण रुग्णालयात तिच्यासोबत घरातली बाई धाड. मुकादमासमोर ती दुखणं उघड बोलणार नाही. गोळ्यांच्या पाकिटांवर पेनानं सूर्य, चंद्र काढ, आणि कुठली कधी घ्यायची ते तिच्याच तोंडून ऐक. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं असेल, तर तो दिवस तू लक्षात ठेव आणि गाडी काढ.