विंडोजपुरते की सगळीकडे चालणारे?

प्रश्न : काजू कारखान्यांसाठी हिशेबाचे डेस्कटॉप सॉफ्टवेअर करतोय. नेटिव्ह, म्हणजे एकाच प्रणालीसाठीचे, साधन घेतले तरच वेग मिळतो, असे मित्र सांगतात. खरे का?
– एक वाचक, सावर्डे

उत्तर : सरसकट नाही. क्यूटी हे साधन विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते आणि चपळही असते. जड पडते ते इलेक्ट्रॉन हे तसेच सगळीकडे चालणारे साधन, कारण प्रत्येक प्रोग्रॅमसोबत अख्खा क्रोमियम ब्राउझर येतो. ४ जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर ते लगेच जाणवते. तुमची सगळी गिऱ्हाइके विंडोजवालीच असतील, तर डॉट नेटमधले विनफॉर्म्स किंवा डब्ल्यूपीएफ निर्धास्त घ्या. लिनक्सची खरोखर मागणी असेल तरच क्यूटी. मात्र त्याच्या परवान्याच्या अटी आधी वाचा. ‘प्रतवारी’, ‘आर्द्रता’ ही जोडाक्षरे पडद्यावर आणि छापील बिलावर नीट उमटतात का, हे पहिल्याच आठवड्यात तपासा. आकडेमोडीचा कोड पडद्याच्या कोडपासून वेगळा ठेवा. पुढे साधन बदलले तरी तो बराचसा वापरता येईल.