ट्रॅक्टरचें इंजिन जड कां फिरतें ?

गळीत हंगामांतील पौषाच्या थंडींत पारगावच्या परिसरांतील बागाइतदारांस एक अनुभव वारंवार येतो. पहांटे ट्रॅक्टरची किल्ली फिरवावी, तों इंजिन फिरतें खरें, पण कण्हत कण्हत. आणि दोन-चार फेऱ्यांनंतर मुळींच थांबतें. भरलेली ट्रॉली शेतांतच अडकते. दत्तात्रयनगरच्या भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याकडे ऊस जाण्यास जितका विलंब, तितकी तोडलेल्या उसांतील साखर घटत जाते. शिवाय बिबट्याचा वावर असलेल्या या मुलखांत अंधारांत उसाच्या कडेला खोळंबून राहणें कोणास आवडेल ? मग घाईघाईनें नवी बॅटरी आणली जाते, आणि पुष्कळदां इंजिन पूर्वीप्रमाणेंच कण्हत राहतें.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा सुमारें सोळा-अठरा पटींनीं दाबली जाऊन तापते व त्या उष्णतेनेंच इंधन पेटतें. फेरा मंद झाला कीं दाबलेली हवा निसटते, तिची उष्णता थंड लोखंडांत मुरते आणि इंजिन पेट घेत नाहीं. थंडींत तेल दाट होतें व बॅटरीचें बळही उतरतें. म्हणून उन्हाळ्यांत दडून राहिलेला दोष हिंवाळ्यांत उघडा पडतो.

परीक्षेपूर्वीं ट्रॅक्टर न्यूट्रलमध्यें घालावा, पी.टी.ओ. सोडवावा, हातब्रेक ओढावा व इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरावी, म्हणजे तें फिरेल पण सुरू होणार नाहीं. एका माणसानें आसनावर बसूनच किल्ली फिरवावी. जमिनीवर उभें राहून स्टार्टरच्या दोन टोकांस पेचकस लावून इंजिन फिरविण्याची खोड कांहीं चालकांस असते. ती जीवघेणी आहे. गिअर पडलेला असल्यास ट्रॅक्टर सुरू होतांच त्या माणसाच्या अंगावरून जातो.

आतां बॅटरी. रात्रभर स्वस्थ राहिलेल्या व पूर्ण भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर मल्टीमीटर सुमारें १२.६ दाखवितो, १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी रिकामी. पण एवढ्यानें निर्णय करूं नये. स्वस्थ बॅटरी सुदृढ दिसते. ओझें पडल्यावरच तिचा कस कळतो. इंजिन फिरत असतां तिच्या टोकांवरील दाब साडेनऊ व्होल्टच्या खालीं गेला, तर बॅटरी अशक्त आहे किंवा स्टार्टर प्रमाणाबाहेर प्रवाह ओढीत आहे. तितक्याच क्षमतेची दुसऱ्या ट्रॅक्टरची चांगली बॅटरी क्षणभर जोडून पाहिल्यास हा संशय फिटतो.

दाब उत्तम टिकतो आणि तरीही फेरा मंद असतो, तेव्हां दोष वाटेंत असतो. या वाटेकडेच शेतकऱ्यांचें सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. स्टार्टर शेंकडों अँपिअर प्रवाह घेतो. ३०० अँपिअरच्या वाटेंत केवळ एक शतांश ओहमचा अडथळा असला तरी ३ व्होल्ट तेथेंच खर्ची पडतात. मग स्टार्टरला उरणार काय? इंजिन फिरत असतां मीटरचें एक टोंक बॅटरीच्या धन खांबावर (लगवर नव्हे, खुद्द शिशाच्या खांबावर) व दुसरें स्टार्टरच्या जाड टोंकावर धरावें. नंतर ऋण खांब व स्टार्टरचें कवच यांमध्यें तसेंच पहावें. कोठेंही अर्ध्या व्होल्टहून अधिक आलें, तर त्या बाजूचे सांधे एकेक करून तपासावेत. खताच्या पोत्यांची वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरचा अर्थिंगचा सांधा खतांतील क्षारांनीं व दंवानें लवकर कुजतो. मालवणकडे पर्यटकांसाठीं चालणाऱ्या वॉटर स्कूटरची हीच व्यथा आहे. तेथें क्षार समुद्राचा, एवढाच भेद. सांधा खोलतांना अर्थिंगची तार प्रथम काढावी व शेवटीं लावावी. अँसिडाचा पांढरा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावा, मात्र तें पाणी बॅटरींत जाऊं देऊं नये. धातु घासून उजळ करावा, घट्ट आवळावा आणि वरून व्हॅसलीन लावावें. खर्च जवळजवळ शून्य.

बॅटरी व वाट दोन्ही निर्दोष ठरल्यावरच स्टार्टर उतरवावा. झिजलेले बुश, आंखूड झालेले कार्बन ब्रश हे नेहमींचे दोष. तत्पूर्वीं क्रँकच्या पुलीवरील नटाला पाना लावून इंजिन हातानें फिरवून पहावें. प्रत्येक दाबाच्या वेळीं जड लागणें स्वाभाविक आहे. परंतु तें एके ठिकाणीं दगडासारखें अडलें, तर सिलिंडरांत पाणी किंवा इंधन सांचल्याचा संशय घ्यावा. हेड गॅस्केट फुटल्यानें असें होतें. द्रव दाबला जात नाहीं. अशा इंजिनास पुन्हां किल्ली मारली किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरनें ओढलें, तर कनेक्टिंग रॉड वांकतो. तेथें इंजेक्टर उतरवून पाणी बाहेर काढणें व गॅस्केट पाहणें हें मेकॅनिकचें काम आहे.