गुरुजींचे तेरा षटकार

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यात बीबी हे गाव आहे. दिवाळी उलटली, सोयाबीन घरी आले, की गावालगतची वावरे मोकळी होतात आणि मुलांच्या क्रिकेटला ऊत येतो. विटांची यष्टी, सुताराकडून तासून आणलेली फळी आणि रबराचा चेंडू, एवढ्यावर त्यांचा सामना रंगतो.

एके संध्याकाळी असाच सामना संपवून एक मुलगा घरी आला. ओसरीवर आजोबा बसले होते. वय ऐंशीच्या घरात गेलेले. परंतु क्रिकेटचे नाव निघाले की त्यांचे डोळे लकाकत.

"आजोबा, आज मी दोन षटकार मारले!" नातू म्हणाला.

"दोनच? अरे, सी. के. नायडू यांनी एका डावात तेरा मारले होते," आजोबा म्हणाले आणि शंभरदा सांगितलेली हकीकत त्यांनी पुन्हा सांगावयास घेतली.

ही हकीकत आजोबांना त्यांच्या शाळेतील गुरुजींनी सांगितली होती. गुरुजी तरुणपणी मुंबईस शिकत होते. 1926 च्या डिसेंबरात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एम. सी. सी. संघ मुंबईस आला आणि जिमखान्याच्या मैदानावर त्याचा हिंदू संघाशी सामना झाला. मैदानात जागा न मिळालेले लोक भोवतालच्या झाडांवर आणि घरांच्या छपरांवर चढले. गुरुजीही एका फांदीवर बसले होते. नायडू फलंदाजीस आले आणि दोन तासांच्या आत त्यांनी 153 धावा काढल्या. चेंडू आभाळात चढे, सारी माणसे माना वर करीत आणि पुढच्याच क्षणी आरोळ्यांनी मैदान दणाणून जाई. गुरुजी सांगत, "तेरा षटकार आणि अकरा चौकार! त्या दिवशी मी फांदीवर बसलो आहे हेच विसरलो."

नातवाने ही गोष्ट दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितली. मधल्या सुट्टीत त्याच्या मित्राने वाचनालयातून क्रिकेटच्या इतिहासाचे पुस्तक काढले. त्यात निराळेच होते. धावा 153 हे खरे. पण षटकार अकरा आणि चौकार तेरा! मित्र हसला. "तुझ्या आजोबांचे गुरुजी थापा मारीत असावेत," तो म्हणाला. त्याने पुढचे पान उलटले. "आणि हे पाहा. कसोटी सामने अवघे सात, धावा 350, सरासरी 25. एवढ्यासाठी इतके कौतुक?"

नातू खिन्न मनाने घरी आला. ते पुस्तक त्याने आजोबांपुढे ठेवले. आजोबांनी चष्मा लावला, ओळीवरून बोट फिरवले आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्या गुरुजींनी त्यांना अक्षर शिकवले, त्यांचेच बोलणे चुकीचे ठरत होते. अखेर ते म्हणाले, "पुस्तकातले बरोबर आहे. त्या वेळी धावफलक लिहिणाऱ्यांनी जे टिपले, ते खरे धरावयास हवे. गुरुजींच्या मनात आकडे उलटसुलट झाले."

"म्हणजे ते खोटे बोलले?"

"नाही. मुद्दाम फसवतो तो खोटे बोलतो. गुरुजींनी पाहिले ते खरेच पाहिले. मोजलेले मात्र वर्षानुवर्षांत सरमिसळ झाले. आठवणीचे असेच असते. तिच्यात आरोळी टिकते, आकडा निसटतो."

नातवाला थोडे बरे वाटले. परंतु दुसरी शंका उरलीच होती. "मग सरासरी 25 कशी? तेही आठवणीने फुगवलेलेच ना?"

"आता आकड्याला प्रश्न विचार," आजोबा म्हणाले. "नायडूंचा जन्म कधीचा?"

नातवाने पुस्तकात पाहिले. "31 ऑक्टोबर 1895. गाव नागपूर."

"आणि भारताचा पहिला कसोटी सामना?"

"25 जून 1932. इंग्लंडमध्ये, लॉर्ड्सच्या मैदानावर. नायडूच कप्तान होते."

"तर मग त्यांचे वय किती झाले?"

नातवाने बोटांवर हिशेब केला. "छत्तीस!"

"पाहिलेस? 1916 मध्ये मोठ्या क्रिकेटमधल्या आपल्या धावांचा श्रीगणेशाच त्यांनी षटकाराने केला. विशी आणि तिशी, खेळाडूची ही ऐन उमेदीची वर्षे. परंतु त्या काळात भारताला कसोटी सामनाच नव्हता. जे सामने झालेच नाहीत, त्यांच्या धावा पुस्तकात कोठून येणार? त्या पहिल्या कसोटीत आपण 158 धावांनी हरलो. तरी पहिल्या डावात आपल्या संघात सर्वांत अधिक धावा, 40, त्यांच्याच होत्या, आणि त्याही दुखावलेल्या हाताने."

नातू आता उत्सुकतेने पाने चाळू लागला. नायडूंना होळकर महाराजांनी इंदुरास बोलावून घेतले होते. पुढे होळकर संघाने 1945 ते 1953 या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. 1956 मध्ये भारत सरकारने नायडूंना पद्मभूषण दिले. त्याच सुमारास, वयाच्या 61 व्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळत होते. 1963 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, मदतीसाठी भरवलेल्या एका सामन्यात त्यांनी राज्यपालांच्या संघाकडून बॅट हाती घेतली. 14 नोव्हेंबर 1967 रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले.

"म्हणजे बापाने तरुण नायडू पाहिले आणि मुलाने म्हातारे नायडू पाहिले, अशीही घरे असतील!" नातू म्हणाला.

"असतीलच. म्हणून तर त्यांच्या इतक्या कथा उरल्या. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या मैदानावर त्यांनी मारलेला एक षटकार नदी ओलांडून दुसऱ्या परगण्यात पडला, असे सांगतात. छप्पन्नाव्या वर्षी चेंडू तोंडावर बसून दात पडले, तरी ते खेळत राहिले, असेही सांगतात."

"हे पाहिलेले की ऐकलेले?" नातवाने विचारले.

आजोबा मोठ्याने हसले. "शाबास! हाच प्रश्न विचारीत जा. मी तर नायडूंना कधी पाहिलेच नाही. मी पाहिले ते नायडूंविषयी बोलणाऱ्या गुरुजींना. तेवढे मात्र शपथेवर सांगेन."

त्या रात्री नातवाने वहीच्या एका पानावर तीन रकाने आखले: 'पाहिलेले', 'ऐकलेले' आणि 'नोंदलेले'. अकरा षटकार तिसऱ्या रकान्यात गेले. नदीपार गेलेला चेंडू दुसऱ्यात गेला. पहिल्या रकान्यात काय लिहावे, याचा त्याने थोडा विचार केला आणि लिहिले, 'गुरुजींची गोष्ट सांगताना आजोबांचे डोळे'.

पुढे काही दिवसांनी ओसरीवर मुले जमली आणि आजोबांनी पुन्हा तीच हकीकत सांगितली. षटकारांपाशी आल्यावर ते क्षणभर थांबले, नातवाकडे पाहिले आणि म्हणाले, "अकरा षटकार, तेरा चौकार. आमचे गुरुजी असते, तर त्यांनी स्वतःच ही चूक दुरुस्त केली असती. चूक खोडून पुन्हा लिहावयास त्यांनीच आम्हांला शिकवले."

शब्दार्थ
वावर : शेत. ओसरी : घराच्या पुढील भागातील पडवी. धावफलक : धावांची नोंद. श्रीगणेशा करणे : आरंभ करणे. ऊत येणे : जोर चढणे.

स्वाध्याय
1. गुरुजी खोटे बोलले नाहीत, असे आजोबांना का वाटले?
2. नायडूंची योग्यता केवळ कसोटीतील धावांवरून का ठरवता येत नाही?
3. 'आठवणीत आरोळी टिकते, आकडा निसटतो', हे वाक्य स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.
4. घरातील वडीलधाऱ्या माणसांस त्यांच्या लहानपणच्या आवडत्या खेळाडूविषयी विचारा आणि मिळालेली माहिती तीन रकान्यांत लिहा.