जलशुद्धीकरण केंद्राचा विस्तार : नकाशात काय पाहावे

गोव्यात जलशुद्धीकरण केंद्र वाढवावयाचे झाल्यास, संबंधित जमीन प्रादेशिक आराखड्यात कोणत्या विभागात मोडते, हे १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली प्रथम तपासावे लागते. नव्या टाक्यांविषयी शेजाऱ्यांची सहसा तक्रार नसते. त्यांना भय असते ते क्लोरीनच्या कोठाराचे, आणि ते अनाठायी नव्हे. हा वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड आहे. गळती झाल्यास तो वर न जाता सखल भागाकडे पसरतो. म्हणून कोठाराच्या उताराखाली घरे वा शाळा असल्यास ती नकाशावर अवश्य दाखवावीत. गाळणीतील वाळू उलट प्रवाहाने धुतल्यावर निघणारे गढूळ पाणी भातशेतीत तर जाणार नाही ना, हेही ग्रामस्थांनी विचारावे. हरकत लेखी द्यावी व तीत सर्व्हे क्रमांक नमूद करावा.