केबल लावली की मोजमाप का बिघडते?

प्रश्न : एलसीआर मीटरला मीटरभर कोॲक्सिअल केबल जोडली की १० पिकोफॅरडचा कपॅसिटर ११० दाखवतो. मीटर बिघडला का?

उत्तर : मीटर ठणठणीत आहे. साध्या ५० ओहम केबलची मधली तार आणि जाळी यांत दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धारिता असते. तीच तुमच्या कपॅसिटरमध्ये मिसळते. आधी टोके मोकळी ठेवून ‘ओपन’ आणि मग जाड, आखूड तांब्याच्या पट्टीने जोडून ‘शॉर्ट’ दुरुस्ती करा. ‘ओपन’च्या वेळी चिमट्यांमधले अंतर कपॅसिटर लावल्यावर असते तेवढेच हवे, इथेच बहुतेकजण चुकतात. उच्च वारंवारतेला ज्ञात मूल्याचा घटक लावून ‘लोड’ दुरुस्तीही लागते. वारंवारता किंवा केबल बदलली, की दुरुस्ती नव्याने करा.